जागरण आमचे, करंडक कुणाच्या नावाचा?

परदेशात कसोटी मालिका सुरू झाली की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील असंख्य घरांचे घड्याळ बदलते. भारतीय संघ ऑस्ट्रेलियात असेल तर पहाटे पाचचा गजर लागतो. दक्षिण आफ्रिकेत असेल तर दुपारचा डबा खाऊन होतो न होतो तोच पहिला चेंडू पडतो. इंग्लंडमध्ये असेल तर साडेतीनला सुरू झालेला खेळ रात्री साडेदहा-अकरापर्यंत चालतो आणि वेस्ट इंडिजमध्ये असेल तर अख्खी रात्र जाते. पृथ्वी गोल आहे हे आमच्या माणसाला शाळेच्या पुस्तकाने सांगितले, पण पटवून दिले ते क्रिकेटने.

चळवळीच्या दैनिकात क्रिकेटचे काय काम, असा प्रश्न आमचे काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतील. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. क्रिकेटने कामगाराचा वेळ खाल्ला, तरुणांना सभा-मोर्चांपासून दूर नेले, जाहिरातदारांची घरे भरली, हे सारे खरे आहे. परंतु जो खेळ आपल्या वस्त्यांमध्ये चहाच्या टपरीपासून विहाराच्या कट्ट्यापर्यंत सर्वत्र बोलला जातो, त्याच्याकडे पाठ फिरवून चळवळीचे भले होणार नाही. ज्या गोष्टीवर आपला समाज आपली झोप खर्च करतो, त्या गोष्टीचा हिशेब मागणे हे चळवळीचेच काम आहे.

हा चाहता आहे तरी कोण? तो स्टेडियमच्या वातानुकूलित कक्षात बसणारा नव्हे. तो उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात नगावर शिवणारा कारागीर आहे. तो अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतला किंवा एमआयडीसीतला कामगार आहे. बदलापूरहून रोज मुंबई गाठणारा शिपाई, क्लार्क, वॉर्डबॉय, सफाई कामगार तो आहे आणि स्टेशनबाहेर रांगेत रिक्षा लावून गिऱ्हाईकाची वाट पाहणारा चालकही तोच आहे. वास्तविक पाहता कसोटी क्रिकेट त्याच्या सोयीचे नाही. पाच दिवसांत त्याच्या वाट्याला सुट्टीचा एखादाच दिवस येतो. वीस षटकांचा तमाशा त्याला परवडणारा आहे. तरीही आमचा जाणता चाहता कसोटीचे नाव काढले की खुलतो. कारण कसोटीत दुसरा डाव असतो. पहिल्या डावात ज्याची दाणादाण उडाली, त्याला दुसऱ्या डावात उभे राहण्याची संधी असते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसरा डाव मिळालाच नाही, त्यांना या गोष्टीचे मोल अधिक कळते.

या चाहत्याचा दिवस रेल्वेच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ ६० किलोमीटर आणि बदलापूर ६८ किलोमीटर. इंग्लंडमध्ये उपाहाराची वेळ होते तेव्हा आमचा माणूस कामावरून सुटतो आणि चहापानाची वेळ होते तेव्हा तो घरी पोहोचतो. म्हणजे मधले सगळे सत्र लोकलमध्येच जाते. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये खिशातून मोबाइल काढायलाही हात मोकळा नसतो. मग दादरहून उलटा जाऊन ज्याने खिडकीची जागा पकडली, त्याच्यावर एक जबाबदारी आपोआप येऊन पडते. "किती झाले?" असे दारातून कुणीतरी ओरडतो आणि खिडकीतला माणूस स्कोअर सांगतो. "गेला का?" "नाही, आहे अजून." एवढ्या दोन वाक्यांत एकमेकांची नावे ठाऊक नसलेली माणसे एकत्र येतात. तिथे कुणी कुणाचे आडनाव विचारत नाही. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत गाडी रिकामी होत जाते आणि बदलापूरला उतरणारा शेवटचा माणूस फलाटावर स्कोअर घेऊनच उतरतो.

याच लोकलने माणसे मारलीही आहेत, हे विसरून चालणार नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्यानंतर अकराच दिवसांनी इंग्लंडमध्ये लीड्सला मालिकेची पहिली कसोटी सुरू झाली. दारात लटकून एका हाताने मोबाइल बघणाऱ्या तरुणांना आमचे कळकळीचे सांगणे आहे की बाबांनो, स्कोअर कल्याणनंतरही तोच राहणार आहे.

घरी पोहोचल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. घरात टीव्ही एक आणि रात्री आठ ही मालिकांची वेळ. आई किंवा पत्नी दिवसभर कुणाच्या घरी धुणीभांडी करून, कुणाच्या कारखान्यात धागे कापून, वर स्वतःच्या घरचा स्वयंपाक आटोपून टेकलेली असते. तिच्या हातून रिमोट हिसकावून घेणाऱ्याने चौकातल्या सभेत समतेवर बोलू नये. अलीकडे मोबाइलमुळे हे भांडण मिटले असले तरी मोबाइलवर सामना पाहायला पैसे भरावे लागतात आणि ते भरण्याआधी आमचा माणूस दोनदा विचार करतो. म्हणून चार मित्र मिळून एकाच्या मोबाइलवर बघतात. उल्हासनगरच्या बाजारात सिंधी दुकानदाराचा टीव्ही चालू असेल तर बाहेर हातगाडीवाला, हमाल, रिक्षावाला असे सगळे उभे राहतात.

अर्थात हे आजचे नाही. आमच्या आधीच्या पिढीने ट्रान्झिस्टरवर हेच केले. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडिजला आणि मग २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडला हरवले, तेव्हा टीव्ही मुंबईतही आलेला नव्हता. ट्रान्झिस्टर कानाला लावून डब्यात उभा असलेला माणूस हा सगळ्या डब्याचा मालक असे. फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की खरखर सुरू व्हायची आणि बोगद्यातून बाहेर येईपर्यंत कुणाची विकेट गेली असेल या चिंतेने सारा डबा गप्प व्हायचा. पुढे टीव्ही आला, पण भारनियमनही आले. ऐन सामन्यात वीज गेली की ज्या भागात वीज आहे तिथल्या नातेवाइकाकडे धावत जाणे, हा अंबरनाथ-बदलापूरच्या चाहत्याचा वर्षानुवर्षांचा व्यायाम होता. पानटपरीवर खडूने स्कोअर लिहिलेली पाटी असे. ती पाटी वाचण्यासाठी अक्षरओळख नसलेले म्हातारेही अंक शिकले.

चळवळीतल्या चाहत्याकडे मात्र दोन पंचांगे असतात. २०२५ ची इंग्लंडची मालिकाच पाहा. पहिली कसोटी २४ जूनला संपली, आपण हरलो. दुसरी २ जुलैला सुरू झाली. मधल्या काळात २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती होती. १० जुलैला आषाढ पौर्णिमा, म्हणजे वर्षावासाचा प्रारंभ. विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन त्या दिवशी सुरू होते आणि नेमकी त्याच दिवशी लॉर्ड्सवर तिसरी कसोटी सुरू झाली. १ ऑगस्टला साहित्यरत्न अण्णा भाऊ साठे यांची जयंती, तर तो ओव्हल कसोटीचा दुसरा दिवस. संध्याकाळच्या वाचनाला बसलेल्या तरुणाचा खिशातला मोबाइल थरथरतो. तो बाहेर काढायचा की नाही, ही त्याच्या शीलाची परीक्षा असते. आमच्या पाहण्यातले बहुतेक तरुण वाचन संपेपर्यंत थांबतात. हीच तर कसोटीची शिस्त आहे.

त्या मालिकेने चाहत्याला पुरते पिळून काढले. पाचही सामने पाचव्या दिवसापर्यंत गेले. लॉर्ड्सवर १४ जुलैच्या रात्री रवींद्र जडेजा ६१ धावांवर नाबाद उभा होता आणि मोहम्मद सिराजने नीट अडवलेला चेंडू मागे घरंगळत जाऊन यष्टीवर आदळला. २२ धावांनी हार झाली. पुढे ओव्हलवर चौथ्या दिवशी याच सिराजने हॅरी ब्रुकचा झेल घेतला खरा, पण त्याचा पाय सीमारेषेला लागला आणि झेलाचा षटकार झाला. ब्रुकने मग शतक ठोकले. ४ ऑगस्ट, सोमवार, दुपारचे साडेतीन. इंग्लंडला हव्या होत्या ३५ धावा, आपल्याला चार विकेट. आमचा चाहता तेव्हा कामावर होता. नगावर पैसे मिळणाऱ्या कारागिराने शिलाई मशीन थांबवले तर थांबलेल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. तरीही त्या तासाभरात अनेक मशिनी थांबल्या असतील, हे सांगायला आम्हाला कुठल्या पाहणीची गरज नाही. चारपैकी तीन विकेट सिराजने घेतल्या आणि सामना सहा धावांनी जिंकून मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. पाचही कसोटी खेळून मालिकेत सर्वाधिक २३ बळी त्याने घेतले. ज्याच्या हातून झेल निसटला, तोच शेवटचा चेंडू टाकायला आला. दुसरा डाव म्हणतात तो हा.

हैदराबादच्या एका रिक्षाचालकाचा हा मुलगा. उल्हासनगर, बदलापूरच्या रिक्षास्टँडवर त्याचे नाव जरा जास्त आपुलकीने घेतले जाते, त्याचे कारण हे आहे. २० नोव्हेंबर २०२० रोजी वडील वारले तेव्हा सिराज ऑस्ट्रेलियात होता. तो परतला नाही, तिथेच थांबून खेळला. त्या दौऱ्याची आठवण येथे मुद्दाम काढायची आहे, कारण आमचा खरा मुद्दा तिथून सुरू होतो.

ऑस्ट्रेलियाचा दौरा नेहमी आमच्या चळवळीच्या सर्वांत गर्दीच्या दिवसांत येतो. ६ डिसेंबरचे महापरिनिर्वाण, २५ डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिन, १ जानेवारीचा भीमा कोरेगाव, ३ जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती. २०२०-२१ च्या त्या हिवाळ्यात कोरोनामुळे चैत्यभूमी आणि विजयस्तंभ दोन्हीकडे गर्दी करू नका असे आवाहन होते. सर्वसामान्य प्रवाशांना लोकलही बंद होती. ती १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत खुली झाली. तोवर पहाटेच्या लोकलमध्ये दिसत होते ते अत्यावश्यक सेवेतले लोक, म्हणजे सफाई कामगार, परिचारिका, वॉर्डबॉय. मुंबईचा मैला आणि मुंबईचे आजारपण उचलणारे आमचेच लोक. पहाटेच्या त्या गाडीत त्यांच्या मोबाइलवर मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन चालू असे. ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला संघ १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर ३२८ धावांचे लक्ष्य गाठून जिंकला. १९८८ पासून तिथे ऑस्ट्रेलिया कुणाकडून हरली नव्हती. कर्णधार होता डोंबिवलीत वाढलेला, किटची बॅग घेऊन याच मध्य रेल्वेच्या लोकलने मुंबईची मैदाने गाठलेला अजिंक्य रहाणे.

त्या मालिकेतल्या दोन गोष्टी आमच्या मनात रुतून बसल्या आहेत. पहिली सिडनीची. तिथे सीमारेषेवर उभ्या असलेल्या सिराजला प्रेक्षकांतून शिवीगाळ झाली. त्याने ती निमूटपणे गिळली नाही. त्याने कर्णधाराला आणि पंचांना सांगितले, खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले आणि ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने माफी मागितली. भारतभर संताप उसळला आणि तो योग्यच होता. रंगावरून माणसाला हिणवणे किती नीच आहे यावर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मोठमोठी भाषणे झाली. ती ऐकताना आमच्या लोकलमधला सफाई कामगार मनातल्या मनात हसला असेल. रंगाचा अपमान यांना सहा हजार मैलांवरून दिसतो, जातीचा अपमान यांना स्वतःच्या दारात दिसत नाही.

दुसरी गोष्ट मेलबर्नची. तिथे ११२ धावा काढणाऱ्या रहाणेला सामनावीर म्हणून एक पदक देण्यात आले. त्याचे नाव जॉनी मुलाग पदक. हा मुलाग कोण? १८६८ साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी खेळाडूंचा एक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला होता. इंग्लंडला गेलेला तो ऑस्ट्रेलियाचा पहिला संघ. मुलाग हा त्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू. ज्या आदिवासींच्या जमिनी हिसकावल्या, ज्यांना माणसांतून उठवले, त्यांच्यातल्या एकाचे नाव दीडशे वर्षांनी का होईना, पण त्यांच्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या पदकाला देण्यात आले. त्याने आदिवासींची सारी दुःखे संपली असे आम्ही म्हणणार नाही. पण निदान इतिहासाच्या वहीत नोंद तरी झाली. त्या पदकाचा पहिला मानकरी ठरला आमच्या डोंबिवलीचा मुलगा.

आता प्रश्न असा आहे की आपल्या देशाचा मुलाग कोण आणि त्याच्या नावाचे पदक कुठे आहे?

आपला मुलाग होता. त्याचे नाव पालवणकर बाळू. चांभार समाजात जन्मलेला, वडील पुण्याला लष्कराच्या आश्रयाने नोकरीस, गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर भावांबरोबर खेळ शिकलेला. आपल्या उल्हासनगरला आजही लोक 'कॅम्प' म्हणतात, कारण ते लष्करी छावणीच्या बराकींतून उभे राहिले. छावणीच्या कडेला वाढलेल्या पोरांचा हा खेळ कसा सुरू होतो, हे कॅम्पातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी सांभाळत. सरावासाठी साहेबांना चेंडू टाकता टाकता डावखुऱ्या फिरकीचे असे शस्त्र त्यांनी घडवले की हिंदूंच्या संघाला त्यांच्यावाचून गत्यंतर राहिले नाही. संघात घेतले, पण कसे? मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नाही, कपाला विटाळ! हा मनूचा क्रिकेटचा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला होता?

याच बाळूंनी १९११ साली इंग्लंडचा दौरा गाजवला. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेला तो सर्व भारताचा पहिला संघ. आज आम्ही ज्याला परदेश दौरा म्हणतो, त्याची सुरुवात तिथून झाली. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राशी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडलेले आहे. परदेशात जाऊन साहेबाला चीत करणारा आपला माणूस पाहून त्या समाजाला काय वाटले असेल, याची कल्पना करा. ना ट्रान्झिस्टर, ना टीव्ही. त्यांच्या हाती असेल ते कुणीतरी वाचून दाखवलेले वर्तमानपत्र. परदेश दौऱ्याचे पहिले चाहते आपलेच पूर्वज होते.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी देण्यात आले नाही. १९२० साली बाळूंना डावलले तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेऊन उघड निषेध केला. महाडच्या सात वर्षे आधीचा हा सत्याग्रहच होता, फक्त तो मैदानावरचा होता. त्या दबावाचा परिणाम म्हणून १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघ जिंकला. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, हा धडा पालवणकर बंधूंनीही घालून दिला आहे.

यापुढची गोष्ट सांगताना आपल्यातले काही जण अस्वस्थ होतील. पण ती सांगितलीच पाहिजे. १९३२ साली जूनमध्ये भारत लॉर्ड्सवर आपली पहिली अधिकृत कसोटी खेळला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला येरवड्यात पुणे करार झाला आणि त्यावर बाळूंचीही सही आहे, पण ती दुसऱ्या बाजूने. स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीत ते बाबासाहेबांसोबत नव्हते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. राजकारणात बाळू चुकले, हे आमचे स्पष्ट मत आहे. प्रस्थापितांनी त्यांच्या कीर्तीचा वापर करून घेतला, हेही तितकेच स्पष्ट आहे. ज्यांनी त्यांना चहाचा कप दिला नाही, त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार हवा होता तेव्हा बाळू बरे आठवले!

पण म्हणून आम्ही बाळूंना विसरायचे काय? प्रस्थापितांनी त्यांना जातीमुळे विसरले आणि आपण त्यांना १९३७ मुळे विसरलो. दोन्हीकडून हा माणूस बेवारस झाला. बाबासाहेबांची ती लढाई एका व्यक्तीशी नव्हती, भूमिकेशी होती. मतपेटीत बाळूंचा पराभव झाला तो न्यायाने झाला. परंतु त्यांच्या ११४ बळींचा आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या मातीच्या भांड्याचा इतिहास हा आपला इतिहास आहे. तो आपण सांगितला नाही तर दुसरे कोणी सांगणार नाही.

आता करंडकांची नावे पाहा. रणजी करंडक, दुलीप करंडक, देवधर करंडक. रणजितसिंह आणि दुलीपसिंह हे दोघेही मोठे फलंदाज, यात वाद नाही. पण दोघेही कसोटी खेळले ते इंग्लंडकडून. भारताकडून दोघांपैकी एकही एकही कसोटी खेळला नाही. राजघराण्यातले होते, नावे लागली. प्रा. देवधरांच्या गुणवत्तेविषयीही आम्हाला आदरच आहे. मात्र भारताच्या पहिल्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या बाळूंचे नाव देशपातळीवरच्या या करंडकांमध्ये कुठेही नाही. हा योगायोग आहे, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने खुशाल म्हणावे.

"खेळात जात आणू नका", असा उपदेश लगेच सुरू होईल. आम्ही जात आणली नाही. ती चहाच्या भांड्यातून आधीच आलेली होती. आजच्या संघातल्या कुठल्याही खेळाडूची जात शोधत बसण्यात आम्हाला रस नाही आणि तसे कुणी करूही नये. अकरा जणांत आरक्षण द्या अशीही आमची मागणी नाही. आमचा प्रश्न त्या अकरा जणांपर्यंत पोहोचणाऱ्या वाटेचा आहे. ज्या देशांत आपला संघ दौरे करतो, त्या देशांनी हा प्रश्न स्वतःला विचारला आहे. दक्षिण आफ्रिकेने २०१६ मध्ये जाहीर उद्दिष्ट ठरवले की वर्षभरात संघात सरासरी सहा गौरेतर खेळाडू असावेत आणि त्यांतले निदान दोन कृष्णवर्णीय आफ्रिकी असावेत. इंग्लंडमध्ये एका स्वतंत्र आयोगाने चार हजारांहून अधिक लोकांचे म्हणणे ऐकले आणि जून २०२३ मध्ये अहवाल दिला. त्यांच्या क्रिकेटमध्ये वंशभेद, स्त्री-पुरुष भेद आणि वर्गभेद खोलवर मुरलेला आहे, असे त्यात लिहिले होते. तिथल्या क्रिकेट मंडळाने माफी मागितली. ज्या साहेबाने आपल्याला हा खेळ दिला, त्याने आरशात पाहिले. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाला आरसा विकत घेणे परवडत नाही काय?

ही वाट किती अवघड आहे ते आमच्या तीन शहरांत येऊन पाहावे. पोरे टेनिसच्या चेंडूवर उत्तम खेळतात. १४ एप्रिलच्या सुमारास जयंतीनिमित्त वस्त्यावस्त्यांत चषक होतात आणि त्यांत फेकीने भिंत फोडतील असे गोलंदाज दिसतात. पण कसोटीचा रस्ता चामड्याच्या चेंडूने जातो. त्या चेंडूसाठी बॅट, पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट लागते, खेळपट्टी आणि जाळी लागते, प्रशिक्षक लागतो. मुंबईतल्या पावसाळी कांगा लीगचे सामने जिथे होतात ती आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्कसारखी मैदाने गाठायला बदलापूरच्या मुलाला पहाटेची लोकल पकडावी लागते. गर्दीत किटची बॅग घेऊन चढणाऱ्या पोराला शिव्याच मिळतात. आणि घराजवळचे मैदान? आता तासावर पैसे मोजून मिळणारी हिरव्या गालिच्याची टर्फे निघाली आहेत. ज्याच्याकडे पैसे तो खेळेल. मुलींची अवस्था तर याहून बिकट. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तो आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या नेरूळच्या मैदानावर. पण आमच्या वस्तीतल्या मुलीला संध्याकाळी बॅट घेऊन उभे राहायला हक्काची जागा कुठे आहे?

म्हणून केवळ चाहता राहून भागणार नाही. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांच्याकडे आपल्या कार्यकर्त्यांनी तीन साध्या मागण्या लावून धराव्यात. विकास आराखड्यात मैदान म्हणून दाखवलेला प्रत्येक भूखंड मैदानच राहिला पाहिजे. प्रत्येक शहरात किमान एका सार्वजनिक मैदानावर चामड्याच्या चेंडूसाठी खेळपट्टी आणि जाळी असावी आणि ती पालिका शाळेच्या मुलामुलींना मोफत मिळावी. आणि त्या मुलांना वापरता येईल असे साहित्य पालिकेने ठेवावे. ग्रंथालयातून पुस्तक नेता येते, तसे मैदानावरून पॅड का नेता येऊ नये?

आणि एक काम आपण स्वतः करावे, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या जयंतीला आपल्या वस्तीत जो टेनिस क्रिकेटचा चषक होईल, त्याला पालवणकर बाळूंचे नाव द्यावे. चषक देण्यापूर्वी पाच मिनिटे त्यांची गोष्ट सांगावी. चार रुपयांची नोकरी, मातीचे भांडे, ११४ बळी, भावांची माघार आणि १९३७ ची निवडणूकही. काहीही न लपवता सांगावी. आपल्या पोरांना ती पेलेल.

देशाच्या करंडकावर बाळूंचे नाव लागायचे तेव्हा लागेल. उल्हासनगरच्या कॅम्पात, अंबरनाथच्या वस्तीत, बदलापूरच्या एखाद्या माळावर ते लावायला कोण अडवतो आहे?